इवाईबुवांचं शक्तिकवच

लोणार,
ता. १८ जानेवारी १९६२

श्री. दयारामजी इवाई यांस इंद्रभानचा रामराम.

माझी प्रतिमा तुमच्या घरी सून म्हणून आली आणि आपण इवाई, म्हणजे व्याही झालो, त्याला पावणेदोन वर्षं होत आली. तेव्हापासूनचं हे माझं सहावं पत्र. आधीच्या पाचांचं उत्तर आलं नाही, म्हणून यात तब्येत, पीकपाणी, खुशाली काही विचारत नाही. हे पत्र वेगळ्याच कामाचं आहे.

संक्रांतीला जावईबापू वैजनाथराव आणि प्रतिमा इथं येऊन गेले. रशियाचा माणूस आकाशात फिरून आल्यापासून त्यांच्या शाळेतल्या पोरांना दुसरं काही सुचत नाही, म्हणून वैजनाथरावांनी पोरांसाठी यानांचा जो खेळ काढला आहे, तो त्यांनी मलाही शिकवला. चौकटींच्या कागदावर शंभर घरं. त्यात आपलं यान आपणच बांधायचं. काही घरांत तोफा, काही घरांत सूर्याची शक्ती गोळा करणारे पत्रे, ती साठवायला टाक्या, आणि कुठंतरी लपवून यंत्रघर. एकाचा कागद दुसऱ्याला दिसत नाही. कोणत्या बाजूनं कोणत्या घरावर गोळा टाकला ते सांगायचं, आणि लागला की नाही ते समोरच्यानं खरं खरं सांगायचं. यंत्रघरावर लागला की डाव संपला.

आणि ते शक्तिकवच! मला तर तेच फार आवडलं. यानाच्या चारी बाजूंनी न दिसणारं कुंपण. ते चालू असलं की बाहेरचा गोळा आत येत नाही. पण आपलाही बाहेर जात नाही, आणि वर, प्रत्येक गोळ्याला लागते तशी, टाकीतली शक्ती खात राहतं.

जावईबापू म्हणाले, "मामाजी, आमच्या बाबांचं कवच अख्ख्या देऊळगावात कोणाच्यानं फुटलं नाही. कचेरीतले सारे हरले."

मी म्हटलं, "मी फोडतो."

तर प्रतिमा हसायला लागली. "बाबा, ते कवच तं माह्या लग्नापासून चालूच हाय."

तर तयारी आहे का? एका पत्रात एक खेळी. माझं यान बांधून तयार आहे. पहिला गोळा टाकूनच ठेवतो: पूर्व बाजू, ओळ सातवी, घर चौथं.

आपला,
इंद्रभान


देऊळगाव राजा,
ता. २५ जानेवारी १९६२

श्री. इंद्रभान यांस,

नमस्कार. आपले १८ तारखेचे पत्र पावले. हे उत्तर केवळ खेळापुरते असून त्यावरून इतर कोणताही संबंध पूर्ववत झाला असे समजण्यात येऊ नये.

आपला गोळा कवचावर आदळून निष्फळ झाला. कवच चारही बाजूंनी चालू आहे व चालू राहील.

माझी खेळी : काही नाही.

दयाराम

ता. क. : लग्नात घडलेल्या प्रकाराचा उल्लेख आपल्या पत्रांत होऊ नये.


लोणार,
ता. १ फेब्रुवारी १९६२

दयारामजी इवाई यांस रामराम.

तुमचं कार्ड आलं आणि घरात सण झाला. पोस्टमननं ते फाटकातूनच वाचून दाखवलं. आमच्या जनकाबाईनं त्याला चहा पाजला, आणि चांगली बातमी असेल असं वाटून साखर जास्त टाकली. बातमी कळल्यावर म्हणाली, "काही नाही अशी खेळी असते का हो? पण लिहिलं तं खरं. लिहिलं नसतं तं काय करता?"

लग्नातल्या प्रकाराचा उल्लेख करू नका म्हणता, म्हणून एकदाच करतो आणि संपवतो. इवाईभेटीच्या वेळी दोन्ही बापांनी गळाभेट घ्यावी आणि एकमेकाला उचलून पाहावं ही रीत आमच्या आजापासून आहे. माझी चूक एवढीच, की उचलल्यावर मी तुम्हाला खाली ठेवलं नाही. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत तसाच घेऊन गेलो. वाजंत्री जोरात होती, मला हुरूप आला. तुमची टोपी पडली ती मला दिसली नाही. एक बूट पडला तोही दिसला नाही. "इवाई हाय का वांग्याचं पोतं, बे!" असं जे कोणी ओरडलं, तो मी नव्हतो. मी जन्मभर वांगी पिकवली आणि पोती वाहिली, म्हणून लोकांनी ते माझ्यावर घातलं. अक्षता पडल्यावर तुम्ही न जेवता गाडीत जाऊन बसलात आणि लोणारची शीव पुन्हा ओलांडणार नाही म्हणालात, ते सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

झालं. पुन्हा लिहिणार नाही.

आता खेळात काहीतरी पणाला लागलं पाहिजे, नाहीतर मजा नाही. पैशाचं नको. मी जिंकलो तर तुम्ही एकदा लोणारला यायचं. जेवायचं. तुम्ही जिंकलात तर काय ते तुम्हीच सांगा.

खेळी : पश्चिम बाजू, ओळ दुसरी, घर नववं.

इंद्रभान


देऊळगाव राजा,
ता. ९ फेब्रुवारी १९६२

श्री. इंद्रभान यांस,

नमस्कार. आपला गोळा निष्फळ.

अष्टग्रहीमुळे उत्तरास विलंब झाला. बालाजीच्या देवळासमोर चार दिवस यज्ञ चालू होता व कचेरीत माझ्याशिवाय कोणी येत नव्हते. जग बुडाल्यास डाव अनिर्णित समजावा असे मी त्या काळात कागदावर लिहून ठेवले होते. ते आता रद्द समजावे.

पणाबाबत आपली सूचना मान्य. मात्र असले करार तोंडी ठेवणे मला पसंत नाही, म्हणून मसुदा पुढीलप्रमाणे करीत आहे. इंद्रभान यांचा विजय झाल्यास दयाराम यांनी लोणार येथे एकवार येऊन भोजन करावे. दयाराम यांचा विजय झाल्यास इंद्रभान यांनी स्वतःस दयाराम यांच्याकडून उचलून घ्यावे, व हे उचलणे लग्नातील मूळ मंडळी जेथे एकत्र हजर असतील तेथे, त्या सर्वांसमक्ष व्हावे. डाव अपुरा राहिल्यास कोणीही कोणाकडे जाऊ नये.

मान्य असल्यास सही करून पाठवावे. माझी खेळी : काही नाही.

दयाराम


लोणार,
ता. २० मार्च १९६२

दयारामजी इवाई यांस रामराम.

सही मी लगेच पाठवली होती. त्यानंतर आपली दहा-बारा कार्डं झाली आणि तुमच्या बाजूनं प्रत्येक वेळी "काही नाही" आलं. मी इतके गोळे टाकले की माझ्या टाक्या कोरड्या पडायला आल्या. तेव्हा कुठं तुमचा डाव ध्यानात आला. तुमच्या यानात तोफ बहुतेक एकच असणार. बाकी सगळे सूर्याचे पत्रे आणि टाक्या. समोरचा दमला, त्याचं कवच शक्तीअभावी पडलं, की मग तुम्ही सावकाश आपलं कवच उघडणार आणि एकेक घर टिपणार. कचेरीतले असेच हरले ना?

पण मी बागाईतवाला माणूस. परवा मळ्यात पाणी देताना हातात फावडं घेऊन उभा होतो. विहिरीला पाणी थोडं. सगळे वाफे एकदम फोडले तर एकही भिजत नाही. एक फोडायचा, तो भरला की बांध घालायचा, मग दुसरा फोडायचा. तिथंच मला सुचलं की चारी बाजूंना कवच कशाला? एका खेळीला पूर्वेला चालू, पुढच्या खेळीला दक्षिणेला. कोणती बाजू कधी चालू हे तुम्हाला कुठं माहीत आहे? शक्ती चौथा हिस्साच लागते, आणि उघड्या बाजूनं तोफही चालते. आता माझ्या टाक्या पुन्हा भरत चालल्या आहेत. बसा वाट पाहत.

कवच हाच विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या तळ्याचा खड्डा आकाशातून दगड पडून झाला असं काही साहेब म्हणतात, काही म्हणतात ज्वालामुखीनं झाला. वैजनाथराव दगडाच्या बाजूचे आहेत. मी त्यांना म्हटलं, "लोणारले त्या वख्ती शक्तिकवच असतं, तं आज हे तळं नसतं." ते म्हणाले, "आणि पाहायले कोणी आलंच नसतं, मामाजी."

खेळी : दक्षिण बाजू, ओळ पाचवी, घर पाचवं. लागणार नाही हे माहीत आहे. तरी टाकतो.

इंद्रभान


देऊळगाव राजा,
ता. २ एप्रिल १९६२

श्री. इंद्रभानजी यांस,

नमस्कार. एकेक बाजू फिरवण्याची आपली युक्ती नियमांत बसते किंवा कसे, याबाबत वैजनाथकडे विचारणा केली. बसते. असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, असे तो म्हणाला. त्याने ती शाळेत पोरांना शिकवली असून त्यास "लोणारी कवच" असे नाव पडले आहे. यात माझा हात नाही.

माझे कवच चालूच आहे. खेळी : काही नाही.

खेळाबाहेरचा मजकूर असल्याने समासात लिहीत आहे. सौ. प्रतिमेस पाचवा महिना आहे. आपणांस कळले असेलच. तिला आंबट लागते म्हणून आमच्या मंडळींनी शेजाऱ्यांकडून चिंचा आणवल्या, पण त्या तिला पसंत पडल्या नाहीत. लोणारच्या चिंचा वेगळ्या असतात, असे तिचे म्हणणे आहे. ही केवळ माहिती आहे. मागणी नव्हे.

दयाराम


लोणार,
ता. १२ जून १९६२

दयारामजी इवाई यांस रामराम.

चिंचांची पिशवी पोचल्याचं तुम्ही कळवलं नाही, पण परवा ओट्यावर चिंचोके वाळत घातलेले दिसले, त्यावरून समजलो.

परवा रविवारी मी प्रतिमेला बाळंतपणासाठी न्यायला आलो. सोजराबाई विहीणबाईंनी चांगली आवभगत केली. मी ओट्यावरच बसलो, आणि पाणी माझं घरून आणलेलं प्यालो. राग मानू नका. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे, आणि तुमच्या घरी एवढी एक तरी रीत मी नीट पाळावी असं ठरवलं होतं.

विहीणबाई म्हणाल्या, "ते कचेरीत गेले."

मी म्हटलं, "आज इतवार हाय."

त्या म्हणाल्या, "हाव. इतवारची कचेरी."

त्याच वेळी मागच्या खोलीतून कण्हण्या-खोकण्याचा आवाज आला आणि काहीतरी जड खाली पडलं. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला.  निघताना त्या बंद दाराकडं पाहून मोठ्यानं रामराम केला.  आतली कडी जराशी वाजली असं मला वाटलं. कदाचित वाराही असेल.

एक गोष्ट मात्र बोलून टाकतो. या पाच महिन्यांत मी किती गोळे टाकले असतील! दोनदा तर माझ्या हिशोबानं तुम्ही कवच काढायला हवं होतं, म्हणजे टाक्या वाचल्या असत्या. पण चालू आहे म्हणालात तेव्हा चालू असणारच, अशी माझी खात्री आहे. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, पण खोटंही बोलत नाही. गावात बोलणारे पुष्कळ आहेत.

खेळी : उत्तर बाजू, ओळ तिसरी, घर आठवं.

इंद्रभान


देऊळगाव राजा,
ता. १८ जून १९६२

श्री. इंद्रभानजी यांस,

नमस्कार. गोळा निष्फळ. दिनांक १० रोजी मी घरात नव्हतो. ऐकू आलेला आवाज मांजराचा असावा.

आपले पाणी आपण आणले हे योग्य की अयोग्य यावर मी मत देत नाही. आमच्या मंडळींना वाईट वाटले एवढे नमूद करतो.

प्रतिमेस ऊन लागू देऊ नये. ती सांगत नाही, पण दुपारी तिचे पाय सुजतात. पायांखाली उशी द्यावी.

माझी खेळी : काही नाही.

दयाराम

(पाकिटाच्या झाकणावर, घाईच्या अक्षरात) मामाजी, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहितो. मांजर वगैरे काही नाही. बाबा रोज सकाळी मागच्या खोलीत दार लावून ज्वारीचं पोतं उचलून पाहतात. आधी अर्धं भरलेलं होतं, आता पाऊण झालं आहे. आईनं विचारलं, "हे काय चाललं?" तर म्हणाले, "जिंकल्यावर ऐनवेळी फजिती नको." पोतं पायावर पडलं त्या दिवशी तुम्ही ओट्यावर होता. कृपा करून मी सांगितलं म्हणू नका. — वैजनाथ


लोणार,
ता. १५ जुलै १९६२

दयारामजी इवाई यांस रामराम.

तुमच्या सांगण्याप्रमाणं उशी दिली, सूज उतरली. प्रतिमा म्हणाली, "मामाजींनं लिहिलं? त्यांनं पाह्यलं होतं?" आणि पत्र मागून घेऊन स्वतः वाचायला बसली.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट बोलली, आणि ती तुम्हाला कळवायला सांगितलं आहे, म्हणून जसंच्या तसं लिहितो. जनकाबाई बारशाची तयारी काढून बसली होती, तर प्रतिमा म्हणाली, "मामाजी आल्याबिगर मी नाव ठेवू देत नाही. राहू द्या लेकरू बिननावाचं."

जनकाबाई म्हणाली, "असं कुठं असते का, बाई?"

"दोन बुढे दोन वर्षं रुसू शकतात, तं माहं लेकरू दोन वर्षं बिननावाचं राहू शकते."

तिच्या बापाचा हट्ट तिच्यात आहे असं मी म्हणणार होतो. पण तुमच्या घरी दोन वर्षं राहून तो वाढला आहे. आता ती ऐकणार नाही. मी दोनदा समजावून पाहिलं.

मग मी तुमचा मसुदा काढून पुन्हा वाचला. डाव अपुरा राहिला तर कोणीही कोणाकडे जायचं नाही. आणि हा डाव असाच चालला तर दिवाळी काय, पुढची संक्रांत आली तरी अपुराच राहील. तुमचं कवच माझ्याच्यानं फुटत नाही, हे मी आज लिहून देतो. ते कोणाच्याच्यानं फुटणार नाही. ते फक्त आतून उघडतं.

म्हणून माझी आजची खेळी ही : माझं कवच मी काढून ठेवलं आहे. चारही बाजूंनी. तोफाही थांबवल्या. टाक्या भरलेल्या आहेत, म्हणजे नाइलाजानं नाही, हे लक्षात घ्या. आता तुम्हाला टाकायचा तिथून गोळा टाका. फक्त तेवढ्यापुरतं तुमचं उघडावं लागेल. नियम माझा नाही, तुमच्या मुलाचा आहे.

इंद्रभान


देऊळगाव राजा,
ता. २० जुलै १९६२

श्री. इंद्रभानजी यांस,

नमस्कार. आपली खेळी समजली नाही. टाक्या भरलेल्या असताना कोणी कवच काढत नाही. हा सापळा असावा असे मानण्यास जागा आहे. मी कवच उघडताच आपण थांबवलेल्या तोफा चालू करणार, असे दिसते.

प्रतिमेस सांगावे की बारसे वेळेवर करणे मुलाच्या हिताचे असते. माझ्यासाठी थांबू नये. मी लोणारची शीव ओलांडणार नाही असे बोललो आहे, व शब्द सर्वांनी ऐकला आहे. चार माणसांत बोललेले मागे कसे घ्यावे याची रीत मला ठाऊक नाही. असती तर गोष्ट वेगळी.

खेळी : काही नाही.

दयाराम


लोणार,
ता. २५ जुलै १९६२

दयारामजी इवाई यांस रामराम.

सापळा नाही. तोफा थांबवल्या म्हणजे थांबवल्या. तुमचं कवच डाव संपेपर्यंत उघडं राहिलं तरी माझ्याकडून गोळा येणार नाही. मी पत्रात लिहिलं आहे आणि खाली सही आहे, आता आणखी काय देऊ?

माझं कवच अजून काढलेलंच आहे. मळ्यात वांगी तोडून राह्यलो, वारा चांगला आहे, तब्येत बरी आहे. वजनही वाढलं आहे, हे तुम्हाला आधी सांगितलेलं बरं.

इंद्रभान


देऊळगाव राजा,
ता. ४ ऑगस्ट १९६२

श्री. इंद्रभानजी यांस,

स. न. वि. वि. गेल्या आठवड्यात मी रोज एक कार्ड टाकले, ती पोचली असतील. आपली उत्तरेही मिळाली. आपण शब्द पाळलात. एकही गोळा आला नाही.

कवच पहिल्यांदा उघडले तेव्हा हात जरा थबकला होता, हे मान्य करतो. सहा महिन्यांची सवय. परंतु तोफ चालवण्यात काही विशेष आहे, हे मी विसरलो होतो. काल कचेरीतून आल्यावर चहा न घेता मी थेट कागद घेऊन बसलो, तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "काऊन, आज लढाई हाय का?"

आपल्या उत्तरांवरून तर्क बांधता, यंत्रघर ईशान्य कोपऱ्यात असावे. वाफ्यांची सुरुवात विहिरीकडून होते, आणि आपली विहीर मळ्याच्या ईशान्येस आहे, असे प्रतिमा एकदा बोलली होती.

खेळी : उत्तर बाजू, ओळ पहिली, घर नववे. लागला किंवा कसे ते उलट टपाली कळवावे.

दयाराम


लोणार,
ता. १० ऑगस्ट १९६२

दयारामजी इवाई यांस रामराम.

लागला. यंत्रघर. डाव संपला, तुम्ही जिंकलात. विहिरीवरून ओळखाल असं वाटलं नव्हतं. मी आयुष्यात दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात करायला शिकलोच नाही.

आता मोठी बातमी, जी तारेनं तुम्हाला कळली असेलच. परवा सकाळी प्रतिमेला मुलगी झाली. दोघी सुखरूप. तुमचं कार्ड आणि नात एकाच दिवशी आली. सुईणीनं बाहेर येऊन "पोरगी!" म्हटलं, तेव्हा मी हातात कार्ड धरून "लागला!" म्हणून ओरडलो. ती अजून माझ्याकडं विचित्र पाहते.

नातीचं नाक तुमचं आहे. हे सगळे म्हणतात, माझ्या पदरचं काही नाही.

आता कराराचं. मी हरलो, तेव्हा उचलून घ्यायला तयार आहे. तुमचा मसुदा समोर ठेवून लिहितो : "लग्नातील मूळ मंडळी जेथे एकत्र हजर असतील तेथे, त्या सर्वांसमक्ष." लग्न लोणारात झालं. मूळ मंडळी म्हणजे इथली गल्ली, इथले वाजंत्रीवाले, मारुतीच्या पारावरचे सगळे, आणि तो पोत्याचं ओरडणाराही. ही सगळी मंडळी येत्या एकोणीस तारखेला, रविवारी, माझ्या अंगणात बारशाला एकत्र येत आहेत. मी त्यांना देऊळगावला कसं आणू? एवढ्यांना एसटीत जागा मिळेल का?

म्हणून तुम्हीच या. जेवायला नव्हे, ते माझ्या जिंकण्याचं कलम होतं, ते गेलं. शब्द मागे घ्यायलाही नव्हे. जिंकलेला माणूस आपलं येणं वसूल करायला कुठंही जातो. शिवेवर तुम्हाला कोणी अडवणार नाही, आणि कोणी काही विचारलंच, तर कागद माझ्याजवळ आहे, तुमच्या अक्षरातला.

वाट पाहतो. टोपीला आतून दोरी लावली तर बरं.

इंद्रभान


देऊळगाव राजा,
ता. १४ ऑगस्ट १९६२

श्री. इंद्रभानजी यांस,

स. न. वि. वि. करारातील स्थळाचे कलम मी तीनदा वाचले. "देऊळगाव राजा मुक्कामी" हे शब्द घालणे राहून गेले आहे. बावीस वर्षे मसुदे लिहून ही चूक माझ्याकडून झाली. मसुदा माझाच असल्याने तक्रार करता येत नाही.

सबब १९ तारखेस सकाळच्या गाडीने सिंदखेडवरून येत आहे. सोबत आमच्या मंडळी व वैजनाथ. येण्याचा उद्देश केवळ उचलणे हा आहे.

नातीच्या नाकाबद्दल आपण लिहिले ते खरे किंवा कसे, हेही त्याच वेळी पाहण्यात येईल. आमच्या मंडळींनी झबली शिवली आहेत. दुपट्यावर वैजनाथने यानाचे चित्र काढून दिले व त्यांनी ते टाचले. त्याभोवती मी कवच काढावयास लावले.

दयाराम


लोणार,
ता. २३ ऑगस्ट १९६२

दयारामजी इवाई यांस सप्रेम रामराम.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं वैजनाथरावांकडून कळलं. आमच्या गल्लीत अजून दुसरा विषय नाही.

गाडीतून उतरल्यावर तुम्ही मारुतीच्या पारापाशी थांबलात, कोट काढून वैजनाथरावांकडं दिला, टोपी काढून सोजराबाईंकडं दिली आणि मला म्हणालात, "या इकडे." तेवढ्यावर वाजंत्रीवाल्यांनी सुरुवात केली. मी त्यांना सांगितलं नव्हतं, शपथ. तुम्ही कमरेला मिठी घातली, तोंड लाल झालं, आणि मी जमिनीवरून उठलो. सगळ्यांनी पाहिलं. टाळ्या पडल्या. त्या पोत्याचं ओरडणाऱ्यानंच सगळ्यांत मोठ्यांदा "वा रे इवाई!" केलं. तुमचं येणं पूर्ण फिटलं, याला मी साक्षीदार आहे.

नंतर तुम्ही माझा खेळाचा कागद मागून घेतला आणि यंत्रघर खरंच तिथं आहे का ते तपासलं. मला राग आला नाही. मीही तपासलं असतं.

नातीला मात्र तुम्ही न तपासता उचललं. प्रतिमेनं तिला पुढं केलं आणि तुम्ही घेतलं, इतकंच. नंतर पानं वाढली तरी खाली ठेवलं नाहीत. आत्या नाही म्हणून विहीणबाईंनी कानात "तारका" म्हटलं, तेही तुमच्या मांडीवरच. जेवायचं कलम गेलं होतं, हे तुम्ही विसरलात आणि आम्ही कोणी आठवण दिली नाही. वांग्याचं भरीत दोनदा घेतलंत, असं जनकाबाई सांगते. ती वाढत होती, तिला माहीत.

प्रतिमा आणि तारका मजेत आहेत. नवा डाव कधी मांडायचा?

इंद्रभान


देऊळगाव राजा,
ता. ३० ऑगस्ट १९६२

श्री. इंद्रभानजी इवाई यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आपले २३ तारखेचे पत्र पावले. भरीत तीनदा घेतले. जनकाबाईंची नजर चुकली असावी.

मात्र एका बाबतीत आपण पत्रात सत्य लिहिलेले नाही. मी आपणांस उचलले तेव्हा डोळे मिटलेले होते, त्यामुळे मला दिसले नाही. परंतु आमच्या मंडळी माझी टोपी धरून समोरच उभ्या होत्या. परतताना गाडीत त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहून हसत होत्या. विचारले असता म्हणाल्या, "टाचा उचलल्या होत्या हो तुमी. बोटं जमिनीवरच होते त्यांचे. चवड्यावर उभे राह्यले बिचारे."

वैजनाथनेही हे पाहिले होते. प्रतिमेनेही. मारुतीच्या पारावरच्या सर्वांनी पाहिले असावे. आणि तरी टाळ्या वाजवल्या. यावर मी दोन दिवस विचार केला. प्रथम राग आला. मागच्या खोलीत जाऊन कडीही लावली. परंतु आत त्या ज्वारीच्या पोत्याशिवाय कोणी नव्हते, व त्याच्याशी बोलण्यासारखे काही नव्हते. म्हणून बाहेर येऊन हे पत्र लिहीत आहे.

खेळात आपण कवच काढलेत, ते नियमांत बसते. चवड्यावर उभे राहणे करारात बसत नाही. सबब झालेले उचलणे रद्द समजण्यात यावे, व ते पुन्हा करण्यात यावे. स्थळ या वेळी देऊळगाव राजा मुक्कामी, आमचे अंगण. तारीख : दिवाळीत आपण प्रतिमेस व तारकेस पोचवावयास याल तो दिवस. मूळ मंडळींची अट काढून टाकत आहे. घरची माणसे पुरेत.

पाणी घरून आणू नये. नातवंडाचे तोंड आपण पाहिलेले आहे.

सोबत चौकटींचा कागद जोडला आहे. नवा डाव मांडला असून पहिली खेळी आपली. माझे कवच चालू आहे, तथापि या यानात तोफा चार आहेत, हे आगाऊ कळवतो. ज्वारीचे पोते आता पूर्ण भरलेले घेतले आहे व आज सकाळी ते गुडघ्यापर्यंत आले.

दिवाळीस अवकाश आहे. तोपर्यंत आपण वजन वाढवू नये, ही विनंती.

आपला,
दयाराम